टी. रेक्स: चमचम बाजूला ठेवून त्या ध्वनीविषयी

मंद्रसप्तक

ग्लॅम रॉकचा विषय निघाला की बोलणे हमखास चकाकत्या जाकिटांकडे, उंच टाचांच्या बुटांकडे आणि डोळ्यांखालच्या चमकीकडे वळते. लंडनच्या टी. रेक्स या बँडच्या वाट्याला हे सर्वांत जास्त आले. मार्च १९७१ मध्ये बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात 'हॉट लव्ह' गाताना मार्क बोलनने डोळ्यांखाली चमकी लावली होती आणि ग्लॅम रॉकची सुरुवात पुष्कळ जण तिथूनच मोजतात. या बँडच्या पोशाखाची चर्चा भरपूर झाली, पण तो ऐकू कसा येतो यावर फारसे कोणी थांबत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. मार्क बोलनचे मूळ नाव मार्क फेल्ड. त्याचा जन्म १९४७ चा, पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागातला. १९६७ मध्ये त्याने स्टीव्ह पेरेग्रिन टुक या तालवादकाबरोबर 'टिरॅनोसॉरस रेक्स' ही जोडी सुरू केली. १९६९ मध्ये टुकच्या जागी मिकी फिन आला, १९७० मध्ये नाव आखडून 'टी. रेक्स' झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघालेले 'राइड अ व्हाइट स्वॉन' हळूहळू चढत ब्रिटिश चार्टवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. पुढच्या सव्वा वर्षात 'हॉट लव्ह', 'गेट इट ऑन', 'टेलिग्राम सॅम' आणि 'मेटल गुरू' अशी चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली आणि चौघांचे मिळून सोळा आठवडे तिथे राहिली.

माझे मत असे की बोलन आणि निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यांनी 'इलेक्ट्रिक वॉरियर' (१९७१) आणि 'द स्लायडर' (१९७२) या दोन अल्बमांत जो ध्वनी घडवला, तोच या बँडचा खरा वारसा आहे, आणि बोलनचे एकही छायाचित्र शिल्लक नसते तरी तो टिकला असता. जाणकारांना दोन गोष्टी विचारतो. हा ध्वनी तुम्हाला पहिल्या काही सेकंदांत ओळखू येतो तो नेमका कशामुळे? आणि पुढच्यांनी त्यातून काय उचलले?

रानवाट

उत्तम विषय. वाचते आहे.

सहा_तारा

गिटार वाजवणारा म्हणून पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बोलन हा जेफ बेक किंवा एरिक क्लॅप्टन यांच्या तोडीचा वादक नव्हता आणि त्याच्या संगीताला तशा वादकाची गरजही नव्हती. 'गेट इट ऑन'चा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, ई कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या ठरावीक सुरांवर) ठाण मांडून बसलेला आहे. तो थेट अमेरिकी रॉक अँड रोल गिटारवादक चक बेरीच्या परंपरेतला आहे, आणि हे ऋण बोलनने लपवले नाही. गाणे विरत जाताना तो बेरीच्या 'लिटल क्वीनी'मधली एक ओळच म्हणून जातो. त्या वर्षांत ब्रिटनमधले नामांकित बँड दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रचना करत होते आणि गिटारच्या दीर्घ एकल वादनावर प्रतिष्ठा ठरत होती. अशा वेळी बोलन पंधरा वर्षे मागे गेला, पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोलचा सांगाडा उचलला आणि त्याची लय किंचित सैल केली.

ती सैल लय ही माझ्या मते पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे मोकळी जागा. 'गेट इट ऑन' इअरफोन लावून ऐकले तर लक्षात येते की दोन वाद्यांच्या मध्ये हवा आहे. पियानो आहे, पण तो मुख्यतः पट्ट्यांवरून सरकत जाणाऱ्या फेकीपुरता येतो, आणि ती फेक रिक वेकमनची आहे, जो पुढे 'यस' या बँडमध्ये अतिशय गुंतागुंतीचे वादन करून प्रसिद्ध झाला. सॅक्सोफोन किंग क्रिमसन या बँडच्या इयन मॅकडोनल्डचा. एवढ्या तयारीच्या वादकांना बोलावून त्यांच्याकडून एवढेच वाजवून घ्यायचे, यात निर्मात्याचा मोठा विवेक आहे.

तिरकिट

सहा_तारा यांनी लयीचा उल्लेख केला, म्हणून ड्रम वाजवणाऱ्याच्या बाजूने भर घालतो. 'राइड अ व्हाइट स्वॉन'मध्ये ड्रमसंचच नाही. टाळ्या आणि खंजिरी एवढ्यावर ते गाणे चालते आणि तरीही पाय हलतो. 'हॉट लव्ह'साठी प्रथमच ड्रमवादक घेतला गेला, तो बिल फिफील्ड. 'लेजंड' नावाच्या बँडमधून तो आला होता, म्हणून बोलनने त्याचे नावच बिल लेजंड करून टाकले. या माणसाचे कौतुक फार कमी होते. तो गाणे भरून काढत नाही. स्नेअरचा (ड्रमसंचातल्या खणखणीत छोट्या ड्रमचा) ठोका कोरडा आणि जवळचा, झांजा मोजक्या, आणि ओळ संपली म्हणून लगेच फेक घेण्याचा मोह नाही. त्याच्या जोडीला स्टीव्ह करीचा बास, जो गिटारच्या रिफला घट्ट धरून राहतो.

लय सैल वाटते त्याचे कारणही सांगण्यासारखे आहे. 'हॉट लव्ह' आणि 'जीपस्टर' यांत मात्रा झुलती आहे, म्हणजे प्रत्येक मात्रेचे मनात तीन भाग करून त्यातला मधला गाळलेला असतो, तर 'गेट इट ऑन'मध्ये मात्रा सरळ आहे. पण या सरळ मात्रेतही बोलनची गिटार ड्रमच्या ठोक्याच्या केसभर मागे रेलते आणि गायन त्याहूनही मागे. हे लिहून दाखवता येत नाही, वाजवून पाहिले की कळते. आम्ही महाविद्यालयीन बँडमध्ये हे गाणे बसवायला घेतले तेव्हा सगळे सूर बरोबर लागत होते आणि गाणे मात्र निर्जीव वाटत होते. सगळे जण ठोक्यावर अचूक वाजवत होते, तेच त्याचे कारण.

नीलमोहर

मला धागालेखकांचे मूळ गृहीतकच मान्य नाही, आणि ते का हे सविस्तर लिहिते.

दिसणे आणि ऐकू येणे यांची अशी फारकत करता येते असे मला वाटत नाही. बोलनचा आवाज आठवून पाहा. त्या काळातला रॉक गायक म्हणजे छातीतून ओरडणारा पुरुष. बोलन कुजबुजतो, शब्दाच्या शेवटी आवाज थरथरवतो, ओळींच्या मधल्या जागी श्वास आणि हुंकार सोडतो. हा आवाज मायक्रोफोनला ओठ लावून गायलेला आहे आणि त्यात पारंपरिक मर्दानीपणाचा मागमूस नाही. त्याच्या मागे मार्क व्होल्मन आणि हॉवर्ड केलन, 'टर्टल्स' या अमेरिकी बँडमधले दोन धिप्पाड गायक, खोट्या आवाजात स्त्रियांच्याही वरच्या पट्टीत गातात. इंग्लंडमध्ये प्रौढ पुरुषांमधले समलैंगिक संबंध कायद्याने गुन्हा राहिले नाहीत ते १९६७ मध्ये, म्हणजे 'हॉट लव्ह'च्या अवघी चार वर्षे आधी. अशा समाजात गुरुवारी संध्याकाळी घरातल्या सर्वांसमोर दूरदर्शन संचावर एक मुलगा मुलींचा कोट घालून, चमकी लावून, या आवाजात गातो. पाहणाऱ्या मुलांना जे मोकळेपण मिळाले ते केवळ चमकीमुळे नव्हते आणि केवळ रिफमुळेही नव्हते.

तेव्हा चमचम बाजूला ठेवून ध्वनीविषयी बोलायचे म्हटले तरी चमचम ध्वनीतही सापडतेच.

मंद्रसप्तक

नीलमोहर, बोलनच्या आवाजाविषयीचा मुद्दा अत्यंत मोलाचा आहे. व्होल्मन आणि केलन यांच्याविषयी तर मी असे म्हणेन की ते दोघे नसते तर 'हॉट लव्ह' हे एक चांगले, साधे, बारा मापांच्या (ट्वेल्व्ह-बार) ब्लूजच्या वळणाचे गाणे राहिले असते. शेवटी जो लांबच लांब 'ला ला ला' येतो, त्यात त्यांचा वरचा थर आणि व्हिस्कॉन्टीची तंतुवाद्ये एकमेकांत मिसळतात आणि तिथे टी. रेक्सचा ध्वनी पहिल्यांदा पूर्णपणे जुळून येतो.

तरीही माझा आग्रह कायम आहे. १९७२ च्या सुमारास चमकी लावणारे डझनावारी बँड निघाले आणि त्यांतले बहुसंख्य आज कोणी मुद्दाम ऐकत नाही.

वनचर

येथे सर्वांनी १९७१ पासून सुरुवात केली आहे, पण त्या आधीच्या चार अल्बमांशिवाय हा ध्वनी समजत नाही. १९६८ ते १९७० या काळातले टिरॅनोसॉरस रेक्स म्हणजे एक अकूस्टिक गिटार, बोंगो, आणि जादूगार, युनिकॉर्न, जुन्या राज्यांची नावे यांनी भरलेली काव्यमय भाषा. बीबीसीचे निवेदक जॉन पील यांनी ही जोडी उचलून धरली. पहिल्या अल्बमच्या शेवटी बोलनने लिहिलेली गोष्ट त्यांनीच वाचली आहे. पुढे 'गेट इट ऑन' पील यांना आवडले नाही आणि दोघांचे मैत्र तिथेच तुटले.

त्या काळातून दोन गोष्टी टी. रेक्समध्ये आल्या असे मला दिसते. एक, बोंगोच्या जागी आलेले कोंगा, जे मिकी फिन वाजवतो आणि जे मिश्रणात इतके दबलेले असतात की नसले तरच उणीव जाणवावी. दुसरी, अकूस्टिक गिटार. 'इलेक्ट्रिक' हे नाव मिरवणाऱ्या अल्बममध्ये 'कॉस्मिक डान्सर', 'गर्ल' आणि 'लाइफ्स अ गॅस' या रचना मुळात अकूस्टिक गाणी आहेत, आणि मला विचाराल तर अल्बमचा जीव त्याच गाण्यांत आहे. बारा गाण्यांपुरता बूगी (एकाच झुलत्या ठेक्यावरचा रॉक अँड रोल) ऐकून कोणीही कंटाळेल. या गाण्यांमुळे तो कंटाळा येत नाही.

अनुनाद

वनचर, अल्बमात गाणी अकरा आहेत, बाकी मुद्दा पटला. 'अ बीअर्ड ऑफ स्टार्स' (१९७०) हा मधला दुवा अवश्य ऐकावा, कारण इलेक्ट्रिक गिटार तिथे ठळकपणे शिरते आणि बोलन तिच्याशी अजून ओळख करून घेत असल्याचे ऐकू येते.

व्हिस्कॉन्टीविषयी मात्र अजून पुरेसे कोणी लिहिलेले नाही. ब्रुकलिनमधून लंडनला आलेला हा माणूस स्वतः वादक होता आणि वाद्यवृंदासाठी स्वरलेखन करू शकत होता. रॉक गाण्यामागे तंतुवाद्ये तेव्हा नवी नव्हती, परंतु ती बहुधा गाणे गोड करण्यासाठी येत. व्हिस्कॉन्टी त्यांच्याकडून रिफ वाजवून घेतो. 'चिल्ड्रन ऑफ द रेव्होल्यूशन'मध्ये चेलो गिटारच्या खांद्याला खांदा लावून जड पावलांनी चालतात आणि त्या गाण्याचे वजन त्यांच्यामुळे आहे. 'मेटल गुरू'मध्ये गिटार, तंतुवाद्ये आणि मागचे आवाज एवढे एकजीव झालेले आहेत की वेगळे काढताच येत नाहीत. सहा_तारा यांनी सांगितलेली मोकळी जागा 'इलेक्ट्रिक वॉरियर'ची आहे. 'द स्लायडर'मध्ये ती बुजलेली आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. म्हणून टी. रेक्सचा एकच एक ध्वनी आहे असे मी म्हणणार नाही.

नवी_पालवी

या चर्चेमुळे गेल्या दोन दिवसांत हे दोन्ही अल्बम ऐकले. एक प्रामाणिक शंका विचारते. गाणी एकमेकांसारखी वाटतात. 'टेलिग्राम सॅम' तर 'गेट इट ऑन'चाच पुढचा भाग वाटला. ही मर्यादा नाही का?

सहा_तारा

मर्यादा आहेच, आणि १९७३ नंतर बँडला तीच भोवली. 'जीपस्टर'मध्ये अमेरिकी ब्लूज गायक हाउलिन वुल्फच्या एका गाण्याची छाया आहे, 'गेट इट ऑन'मध्ये चक बेरी आहे, आणि 'टेलिग्राम सॅम'मध्ये 'गेट इट ऑन' आहे. उसने घेता घेता तो स्वतःकडूनच उसने घेऊ लागला. पण ज्या दीड-दोन वर्षांत हे चालले, त्या काळात प्रत्येक गाण्यात एखादी तरी नवी खुबी आहे. 'सॉलिड गोल्ड ईझी अ‍ॅक्शन'ची धाव ऐका, तिथे ताल मुद्दाम अडखळवलेला आहे. '२०थ सेंच्युरी बॉय'च्या आरंभी एकट्या गिटारचा तो एकच करकरीत कॉर्ड आहे, ज्याच्यापुढे बोलनचे दुसरे काहीच इतके उग्र नाही.

कोमल_रिषभ

डेव्हिड बोवीचे नाव अजून कसे आले नाही? दोघांची सुरुवात लंडनमध्ये एकत्रच झाली, दोघांचा निर्माता व्हिस्कॉन्टी, आणि बोवीच्या १९७० च्या 'द प्रेटिएस्ट स्टार' या सिंगलवर गिटार बोलनची आहे. बोवीने 'झिगी स्टारडस्ट' हा अल्बम जून १९७२ मध्ये काढला, म्हणजे 'हॉट लव्ह'नंतर सव्वा वर्षाने. वाट बोलनने पाडली आणि तिच्यावरून बोवी फार दूर गेला. बोवी दर दोन वर्षांनी बदलत राहिला; बोलन बदलला नाही, किंवा बदलला तेव्हा श्रोते उरले नव्हते. आज ग्लॅमचा इतिहास बोवीच्या चरित्राचा एक अध्याय म्हणून सांगितला जातो, त्याचे मला वाईट वाटते. मॉट द हूपल या बँडला बोवीने लिहून दिलेल्या 'ऑल द यंग ड्यूड्स'मध्ये टी. रेक्सचे नाव येते, त्यावरून तरी त्या वेळी त्यांचे स्थान काय होते हे कळावे.

टेबललँड

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी आणि त्याचा क्वीन हा बँड याच लाटेतून आला, एवढी नोंद आपल्याकडच्या वाचकांसाठी करून ठेवतो. पहिल्या काही वर्षांत क्वीनचा पोशाख आणि आवाजांचे थर यांवर ग्लॅमचा ठसा स्पष्ट दिसतो.

मंद्रसप्तक

टेबललँड, नोंद योग्य आहे. फक्त आवाजांचे थर दोघांकडे वेगळ्या कामाला येतात. क्वीनमध्ये ते भव्यतेसाठी आहेत, टी. रेक्समध्ये लाडिकपणासाठी. क्वीनवर स्वतंत्र धागा निघाला तर तिथे आनंदाने लिहीन.

जुनी_तबकडी

माझे वय आता सत्तरीच्या आसपास असल्यामुळे आपल्याकडे हे संगीत कसे पोचले याविषयी चार ओळी लिहितो. मुंबईत तेव्हा आम्हा महाविद्यालयीन मुलांपुढे तीन वाटा होत्या: कोणाचा तरी परदेशातून आलेला नातेवाईक, रात्री लघुलहरींवर पकडलेली बीबीसी, आणि कोलकात्याहून निघणारे 'जेएस' हे तरुणांचे साप्ताहिक, ज्यातली रॉक कलावंतांची चित्रे भिंतीवर लावली जात. म्हणजे टी. रेक्स दिसायचे एकीकडे आणि ऐकू यायचे दुसरीकडे, तेही खरखरीतून. नीलमोहर म्हणतात ते लंडनच्या मुलांसाठी खरे असणारच, पण आमच्यापर्यंत दृश्य आणि ध्वनी मुळातच वेगवेगळे पोचले. मला बोलन कसा दिसतो हे कळण्याआधी 'गेट इट ऑन' पाठ होते आणि आवडायला तेवढे पुरेसे होते. त्या अर्थाने धागालेखकांचे म्हणणे माझ्या पिढीने अनुभवलेले आहे.

लघुलहरींवर बासचा भाग जवळजवळ नाहीसा होत असे. उरायचा तो मधल्या पट्टीतला गिटारचा रिफ आणि वरचे आवाज. तरीही गाणे पूर्ण वाटे. इतर कितीतरी बँड त्या लहरींवर अगदी केविलवाणे होऊन जात.

अनुनाद

जुनी_तबकडी यांचे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण ती रचना तशीच केलेली होती. १९७१ मधला बहुसंख्य ब्रिटिश श्रोता हे संगीत छोट्या ट्रान्झिस्टरवर नाहीतर खोलीतल्या साध्या रेकॉर्ड प्लेअरवर ऐकत होता. बोलनचा दुहेरी मुद्रित केलेला आवाज आणि त्यावरचा आखूड प्रतिध्वनी, टाळ्या, वरचे गायन हे सर्व अशा छोट्या ध्वनिक्षेपकातून बाहेर पडणाऱ्या पट्टीत नेमके बसते.

रानवाट

उताराविषयी कोणी लिहील का? १९७३ नंतर नेमके काय झाले?

कोमल_रिषभ

थोडक्यात सांगतो. जून १९७३ मधले 'द ग्रूव्हर' हे ब्रिटनमधल्या पहिल्या दहांत पोचलेले त्यांचे शेवटचे नवे गाणे. पुढच्या वर्षीच्या अल्बमनंतर व्हिस्कॉन्टी दूर झाला, त्याच सुमारास बिल लेजंड आणि मिकी फिनही गेले, आणि बोलनने स्वतःच निर्मिती हाती घेतली. अमेरिकेने त्याला कधीच पुरते स्वीकारले नाही. तिथे 'गेट इट ऑन'चे नाव 'बँग अ गाँग' असे बदलावे लागले, कारण 'चेस' नावाच्या बँडचे त्याच नावाचे गाणे आधीच आले होते, आणि ते दहाव्या क्रमांकापर्यंत गेले तेवढेच.

नीलमोहर

या काळावर 'उतार' असा शिक्का मारण्याआधी ग्लोरिया जोन्सचा विचार व्हायला हवा. ही कृष्णवर्णीय अमेरिकी गायिका, जिने 'टेन्टेड लव्ह' १९६० च्या दशकातच गायले होते, टी. रेक्समध्ये क्लॅव्हिनेट (पट्ट्यांचे एक विद्युत वाद्य) वाजवू आणि गाऊ लागली, बोलनची सहचारिणी झाली आणि तिच्यामुळे त्याच्या संगीतात सोल आणि गॉस्पेल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारांचे स्वर आले. इंग्लंडमधल्या समीक्षकांनी त्याची हेटाळणी केली. १९७५ मध्ये बोवीने सोल संगीताकडे वळून मोठे यश मिळवले, तेव्हा बोलन त्या दिशेने आधीच निघालेला होता. ती गाणी असमान आहेत हे मी मान्य करते, पण त्यांत थकवा नाही, शोध आहे.

आणि शेवटचे वर्ष तर उताराचे नव्हतेच. मार्च १९७७ च्या दौऱ्यावर त्याने 'द डॅम्ड' या पंक बँडला बरोबर घेतले. ज्या पंक पिढीने सत्तरीतले बहुतेक तारे मोडीत काढले, तिने बोलनला आपला मानला. ग्रॅनाडा वाहिनीवरच्या 'मार्क' या त्याच्या कार्यक्रमात 'द जॅम' आणि 'जनरेशन एक्स' येऊन गेले. शेवटच्या भागात बोवी आला होता, आणि तो भाग प्रसारित झाला तेव्हा बोलन हयात नव्हता.

थेम्सकाठ

मी लंडनच्या नैर्ऋत्येला राहतो. १६ सप्टेंबर १९७७ च्या पहाटे बार्न्स भागातल्या क्वीन्स राइड या रस्त्यावर ग्लोरिया जोन्स चालवत असलेली जांभळी मिनी गाडी रस्त्याकडेला आदळली आणि शेजारी बसलेला बोलन जागीच गेला. तिसाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले होते. तो स्वतः कधी गाडी चालवायला शिकला नव्हता. ती जागा चाहत्यांनी जपली आहे. पायऱ्या बांधल्या आहेत, बोलनचा अर्धपुतळा आहे, आणि सप्टेंबरमध्ये तेथे आजही माणसे जमतात. त्यांत विशीतली मुलेही दिसतात, आणि त्यांच्याशी बोलल्यावर कळते की बहुतेकांना हा बँड 'बिली इलियट' या २००० सालच्या चित्रपटातून भेटला, ज्यात टी. रेक्सची अनेक गाणी वापरली आहेत.

तिरकिट

धागालेखकांचा दुसरा प्रश्न मागे पडतो आहे, तो पुन्हा पुढे आणतो. कोणी काय उचलले?

जे कानाला ऐकू येते तेवढेच सांगतो. 'ओएसिस'च्या 'सिगरेट्स अँड अल्कोहोल' (१९९४) या गाण्याचा रिफ म्हणजे 'गेट इट ऑन'च आहे. 'द स्मिथ्स'चे 'पॅनिक' (१९८६) 'मेटल गुरू'च्या चालीवर आणि झोक्यावर उभे आहे. 'बाउहाउस'ने १९८० मध्ये 'टेलिग्राम सॅम' अतिशय कोरड्या, धारदार पद्धतीने केले, तर 'पॉवर स्टेशन'ने १९८५ मध्ये 'गेट इट ऑन' मोठ्या, खणखणीत ड्रमवर चढवले आणि अमेरिकेत मूळ गाण्यापेक्षा एक पायरी वर, नवव्या क्रमांकावर नेले. पण पॉवर स्टेशनची आवृत्ती ऐकली की मूळ ध्वनीचे मोल कळते: प्रत्येक रिकामी जागा भरून काढलेली आहे आणि गाणे जड झाले आहे.

वनचर

जपानचाही उल्लेख व्हावा. '२०थ सेंच्युरी बॉय'चे मूळ ध्वनिमुद्रण डिसेंबर १९७२ मध्ये टोकियोत झाले, आणि पुढे नाओकी उरासावा यांनी आपल्या प्रदीर्घ मांगा (जपानी चित्रकथा) मालिकेला त्याच गाण्यावरून नाव दिले. तिच्या आरंभी एक शाळकरी मुलगा शाळेच्या ध्वनिक्षेपकावर हे गाणे वाजवतो. त्यातही रिफच आहे, पोशाख कुठेच नाही.

नीलमोहर

वनचर, त्या मुलाला त्या गाण्याने जग बदलेल असे वाटत असते. ते त्याला केवळ ई कॉर्डमुळे वाटत नाही. ओएसिसने रिफ घेतला हे खरे, पण सूझी सू, 'द स्मिथ्स'चा मॉरिसी यांच्यासारख्या गायकांनी बोलनकडून घेतली ती आपण जसे आहोत त्याहून वेगळे होऊन लोकांसमोर उभे राहण्याची हिंमत. २०२० मध्ये हॅल विल्नर यांच्या निर्मितीतून आलेल्या बोलन-गीतांच्या अल्बमवर गायक निक केव्हने 'कॉस्मिक डान्सर' पियानोवर अगदी संथ गायले आहे. रिफ नाही, बूगी नाही, व्होल्मन-केलन नाहीत. धागालेखकांच्या हिशेबाने तिथे टी. रेक्स उरायला नको. पण तो आहे.

मंद्रसप्तक

नीलमोहर, ते मुद्रण मीही ऐकले आहे आणि तुमचा युक्तिवाद मला निरुत्तर करणारा नसला तरी विचार करायला लावणारा आहे. माझे उत्तर असे की तिथे जे उरते ती रचना आहे, आणि बोलन रचनाकार म्हणून किती समर्थ होता हे त्यावरून सिद्ध होते. वनचर यांनी अकूस्टिक गाण्यांविषयी सांगितले ते येथे लागू पडते. मात्र रचना, ध्वनी आणि दिसणे या तिघांपैकी ज्याच्यावर सर्वांत अधिक जणांनी पुढे घर बांधले तो ध्वनी आहे, या मतावर मी ठाम आहे. त्याच वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, टी. रेक्सचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा बोलन, टुक, करी आणि फिन या चौघांपैकी कोणीही हयात नव्हते. जे मानाने आत गेले त्यांत बिल लेजंडचे नाव होते याचा मला विशेष आनंद वाटतो.

नवी_पालवी

सर्वांचे आभार. आता पुन्हा नीट क्रमाने ऐकणार आहे. सुरुवात कुठून करू?

मंद्रसप्तक

'राइड अ व्हाइट स्वॉन', मग 'हॉट लव्ह', मग संपूर्ण 'इलेक्ट्रिक वॉरियर'. दुसऱ्या वेळी ऐकताना लक्ष बोलनवरून काढून फक्त तंतुवाद्यांवर ठेवा.

तिरकिट

आणि तिसऱ्या वेळी फक्त स्नेअरवर.

नीलमोहर

मी वेगळे सुचवते. आधी 'बॉर्न टू बूगी' पाहा. रिंगो स्टारने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मार्च १९७२ मध्ये वेम्ब्लीच्या एम्पायर पूलमध्ये एकाच दिवशी झालेल्या दोन कार्यक्रमांवर उभा आहे. त्यातला मैफलीचा भाग सलग पाहा, त्यात किंचाळणाऱ्या मुलींचा आवाजही ऐका, कारण तोही त्या ध्वनीचा एक थर होता. त्यानंतर मंद्रसप्तक यांच्या क्रमाने ऐकायला काहीच हरकत नाही.